वर्डप्रेस : सामाईक श्रमांचा इतिहास

ह्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही परिचितांनी आम्हांला विचारले, की कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने संगणकाच्या विषयाला हात का घालावा? प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते गेटसभा आणि कमिटीच्या बैठका ह्यांमधल्या वेळात वाचले. पण ह्या कामाने आम्हांला एक सवय लावली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की आम्ही तीन प्रश्न विचारतो. ही केली कोणी? हिची मालकी कोणाची? आणि हिच्याविषयीचे निर्णय कोण घेतो? कापड असो, साखर असो, वीज असो, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या धंद्याचा इतिहास उलगडू लागतो. आज हेच प्रश्न आपण अशा एका वस्तूला विचारणार आहोत, की जी हातात धरता येत नाही, जिला किंमत मोजावी लागत नाही, आणि २०२१ पासूनच्या मोजण्यांत जगातल्या दर शंभर संकेतस्थळांपैकी चाळीसहून अधिक जिच्यावर उभी असल्याचे आढळले आहे. तिचे नाव वर्डप्रेस.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. संकेतस्थळ, म्हणजे ज्याला आपण सारे वेबसाइट म्हणतो ते, अखेर पानांचा एक संच असतो. १९९५ च्या सुमारास असे एकेक पान खुणांच्या एका विशिष्ट भाषेत हाताने जुळवावे लागे. जुन्या छापखान्यात कंपॉझिटर खिळे जुळवी, तसेच ते काम. एक ओळ वाढवायची झाली तरी जाणकाराकडे धाव घ्यावी लागे. पुढे काही लोक तारीखवार जाहीर टिपणे लिहू लागले. त्यांना ब्लॉग असे नाव पडले. मराठीत काहींनी अनुदिनी म्हटले. रोज लिहिणाऱ्याला रोज खिळे जुळवणे परवडणारे नव्हते. म्हणून असे सॉफ्टवेअर तयार झाले, की लेखकाने एका चौकटीत मजकूर लिहावा, बटण दाबावे, आणि मथळा, तारीख, मागील लेखांची यादी, वाचकांच्या प्रतिक्रिया ही सारी मांडणी आपोआप व्हावी. म्हणजे लेखकाच्या घरात छापखानाच आला. हा छापखाना बांधणारा आणि त्याची निगा राखणारा जो कारागीर, तो वेब डेव्हलपर. आजचा विषय खरे तर तोच आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची लिखित मालिका. ह्या मूळ लिखाणाला कोड म्हणतात. मसाला विकायचा आणि कृती मात्र कुलपात ठेवायची, ही ह्या धंद्यातली एक रीत. मसाल्याबरोबर कृतीही हाती द्यायची, ही दुसरी. संगणक मोजके होते तेव्हा त्यांवर काम करणारे लोक एकमेकांचा कोड सहज घेत आणि देत. पुढे सॉफ्टवेअर हीच विक्रीची वस्तू झाली आणि कुलपे लागू लागली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांना ही गोष्ट एका छपाईयंत्रामुळे बोचली. यंत्रात कागद अडकला की ते सर्वांना कळावे, अशी सोय त्यांनी जुन्या यंत्रात केली होती. झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले, पण त्याचा कोड त्यांना मिळेना. कारागिराला स्वतःच्या हत्याराची दुरुस्ती करण्याची मनाई! गिरणीतल्या साचेवाल्याला ह्यातला जाच समजावून सांगावा लागत नाही.

स्टॉलमन ह्यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी मुक्त सॉफ्टवेअरचा आपला संकल्प जाहीर केला, १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली, आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मधली. ह्या परवान्याचा आशय थोडक्यात असा : हे सॉफ्टवेअर कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याचा कोड वाचावा, त्याच्या प्रती वाटाव्यात, विकाव्यात देखील, त्यात फेरफार करावेत आणि तेही वाटावेत. मात्र जो दुसऱ्याला प्रत देईल, त्याने हेच सारे हक्क त्या दुसऱ्यालाही दिले पाहिजेत. कायद्याने लेखकाला जो मालकीचा हक्क दिला आहे, त्याचाच आधार घेऊन ही वस्तू कोणालाही पुन्हा कुलपात घालता येऊ नये, अशी ही योजना आहे. श्रोत्यांनी हा परवाना नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्याच्या आधाराने चालते.

२००१ साली मिशेल वाल्द्रिघी ह्या फ्रेंच तरुणाने ‘बी-टू’ नावाचे ब्लॉगचे सॉफ्टवेअर लिहिले आणि ह्याच परवान्याखाली सर्वांना दिले. ते वापरणाऱ्यांची संख्या वाढली. पण २००२ च्या अखेरीस वाल्द्रिघी ह्यांचे काम थांबले आणि वापरणारे उघड्यावर पडले. कुलपाच्या रीतीतले सॉफ्टवेअर असते, तर गोष्ट तेथेच संपली असती. टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरी राहणारा मॅट मुलेनवेग हा १९ वर्षांचा विद्यार्थी बी-टू वापरीत असे. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने जाहीरपणे लिहिले, की मूळ कर्त्याचा पत्ता नाही, पण परवाना आपल्याला हा कोड घेऊन पुढे जाण्याची मुभा देतो. तेव्हा आपण वेगळी चूल मांडावी असे वाटते. दुसऱ्या दिवशी इंग्लंडातून एक उत्तर आले. स्टॉकपोर्ट येथील माइक लिटल ह्या डेव्हलपरने कळवले, की तुम्ही खरोखरच हे करणार असाल तर मीही हातभार लावीन. त्या एका जाहीर टिपणाला आलेल्या एका उत्तरातून वर्डप्रेसचा जन्म झाला.

येथे भूगोलाकडे थोडे लक्ष वेधावेसे वाटते. स्टॉकपोर्ट हे मँचेस्टरच्या परिसरातले गाव. त्याच परिसरात ओल्डहॅम आहे, जेथल्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातून मुंबईच्या कित्येक गिरण्यांची यंत्रे आली. आणि त्याच परिसरात रॉचडेल आहे. तेथे १८४४ साली २८ कष्टकऱ्यांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, पैपैसा जमवून टोड लेनवर आपले सामाईक दुकान काढले. आजच्या सहकारी चळवळीचा उगम तेथे सांगतात. लिटल ह्यांच्या मनात रॉचडेलचा विचार होता असा आमचा दावा नाही. पण सामाईक मालकीचा प्रयत्न त्या मुलखात दीडशे वर्षांच्या अंतराने दोनदा घडला, आणि दोन प्रयत्नांत एक महत्त्वाचा फरक आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

बी-टूच्या कोडातून एकाच वेळी तीन शाखा फुटल्या. फ्रान्समधून एक, आयर्लंडमधून दुसरी, आणि मुलेनवेग-लिटल ह्यांची तिसरी. वर्डप्रेस हे नाव क्रिस्टीन सेलेक ह्या मैत्रिणीने सुचवले. पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी बाहेर पडली. वाल्द्रिघी ह्यांनी पुढे वर्डप्रेसलाच आपल्या कामाचा वारस मानले. आयर्लंडमधली शाखाही वर्डप्रेसच्या परिवारात आली आणि २०१० साली तिसऱ्या आवृत्तीत मूळ सॉफ्टवेअरशी एकजीव झाली. भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, प्रत्येकाने घरातले सगळे धान्य बरोबर न्यावे आणि तरी कोणाचेच कमी होऊ नये, हा चमत्कार संसारात दिसत नाही. कोडाच्या बाबतीत तो शक्य होतो, कारण प्रत काढल्याने मूळ झिजत नाही.

ह्या इवल्या रोपाला पाऊस मिळाला तो २००४ च्या मे महिन्यात. त्या वेळी ‘मूव्हेबल टाइप’ हे ब्लॉगचे सॉफ्टवेअर फार लोकप्रिय होते. खाजगी वापरासाठी ते फुकट मिळे, पण परवाना कंपनीच्या हाती होता. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी कंपनीने अटी बदलल्या. लेखक किती, ब्लॉग किती, ह्यावर मर्यादा आणि त्याप्रमाणे दर. कंपनीने कायदा मोडला नव्हता. फुकट वापरणाऱ्यांना त्या दिवशी इतकेच उमगले, की फुकट मिळणे वेगळे आणि हक्काचे असणे वेगळे. मार्क पिल्ग्रिम नावाच्या जाणत्या डेव्हलपरने हिशेब मांडला, की नव्या दराने आपल्याला ५३५ डॉलर भरावे लागतील. त्याने ते ५३५ डॉलर वर्डप्रेसच्या कर्त्यांना देणगी म्हणून दिले आणि आपले बिऱ्हाड तिकडे हलवले. रक्कम तीच, पण एकीकडे ते भाडे झाले असते, दुसरीकडे ती वर्गणी झाली. त्याच्यामागून पुष्कळ लोक गेले. योगायोगाने त्याच महिन्यात वर्डप्रेसमध्ये प्लगिनची, म्हणजे मूळ यंत्राला हात न लावता बाहेरून जोडता येणाऱ्या सुट्या भागांची, सोय झाली. २००५ च्या फेब्रुवारीत थीमची, म्हणजे संकेतस्थळाचा पेहराव बदलण्याची, सोय आली. ह्या दोन दारांतून हजारो कारागीर आत आले.

आता ह्या कारागिरांचे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू, कारण श्रमाचा इतिहास सांगताना श्रमच दृष्टीआड करण्याची चूक पुष्कळ होते. समजा, एखाद्या शहरातला डेव्हलपर एका शाळेसाठी संकेतस्थळ करीत आहे आणि त्याला दिसते, की विशिष्ट लांबीचे मराठी शीर्षक दिले की मांडणी बिघडते. तो प्रकल्पाच्या जाहीर तक्रारवहीत नोंद करतो. ह्या वहीतल्या नोंदींचे अनुक्रमांक साठ हजारांच्या पुढे गेले आहेत. नुसते ‘बिघडले’ म्हणून भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या कृतीनंतर, काय अपेक्षित होते आणि काय झाले, हे सारे लिहावे लागते. दुसऱ्या देशातला कोणी ती कृती करून पाहतो आणि दोष खरा आहे असे नोंदवतो. तिसरा कोणी दुरुस्तीच्या चार ओळी लिहितो. चौथा म्हणतो, ह्या चार ओळींनी जुनी अमुक सोय मोडेल. मग त्या पुन्हा लिहिल्या जातात. कधी हे आठ दिवसांत होते, कधी वर्षे लोटतात. अखेर मूळ कोडात भर घालण्याचा अधिकार ज्या मोजक्या लोकांना आहे, त्यांपैकी कोणीतरी ती दुरुस्ती आत घेतो आणि तिच्यासोबत हातभार लावणाऱ्यांची नावे नोंदवतो. नवी आवृत्ती निघते तेव्हा ही नावे तिच्यातच एका पानावर छापलेली असतात. अलीकडच्या एकेका मोठ्या आवृत्तीत अशी शेकडो नावे आढळतात.

आम्हांला ह्या नामावलीचे फार अप्रूप वाटले. गिरणीच्या तागावर गिरणीचा शिक्का असे. साचेवाल्याचे नाव कोठेच नसे. येथे चार ओळी दुरुस्त करणाऱ्याचेही नाव लागते. आणि काम केवळ कोड लिहिणाऱ्यांचे नाही. माहितीपत्रके लिहिणारे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे, अंध माणसाला वाचकयंत्राच्या साहाय्याने पान वापरता येते की नाही हे तपासणारे, असे निरनिराळे गट आहेत. वर्डप्रेस मराठीत दिसते तेही स्वयंसेवकांमुळे. बटणावरचा दोन अक्षरी शब्द असो की चूक झाल्यावर दिसणारे लांबलचक वाक्य असो, प्रत्येकाला मराठी प्रतिशब्द कोणीतरी सुचवतो आणि दुसरा कोणी तो तपासून मंजूर करतो. लाखो लोक रोज वाचतील असे मराठी ही माणसे लिहितात, आणि त्यांचे नाव आपल्या साहित्यसंमेलनात कोणी घेत नाही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वर्डप्रेसच्या लोकांचे पहिले संमेलन भरले. त्याला वर्डकॅम्प म्हणतात. पुढे अशी संमेलने जगभर होऊ लागली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथेही झाली. व्याख्याने असतात, ओळखीपाळखी होतात, आणि पुष्कळदा एक दिवस असा राखतात, की जमलेल्यांनी एकत्र बसून प्रकल्पाचे काम करावे. हा दिवस बहुधा सुट्टीच्या सुमाराचा असतो. येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा होतो. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज, सभा, सह्या ह्यांचा पाठपुरावा केला तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. तो रविवार आपल्या हवाली झाला. त्या रविवारी कोणी भजनाला जावे, कोणी तालमीत, कोणी वाचनालयात. आणि कोणी सामाईक कामाला जावे, ह्याहून चांगला उपयोग कोणता? आमची त्याला हरकत नाही. फक्त त्या रविवारच्या कामाचे फळ सोमवारी कोणाच्या हिशेबात जमा होते, हे विचारण्याचा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही.

तो हिशेब असा आहे. मुलेनवेग ह्यांनी २००५ मध्ये ऑटोमॅटिक नावाची कंपनी काढली. वर्डप्रेसवर चालणाऱ्या सेवा विकून ती मोठी झाली. माइक लिटल त्या कंपनीत नव्हते. लोकांची संकेतस्थळे करून देणारे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ते काम करीत राहिले. एका चुलीचे दोन भागीदार, दोन वेगळ्या वाटा. ह्यात कोणाची फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही. परवान्याने सर्वांना सारखीच मुभा दिली होती. शिवाय ह्या सामाईक वस्तूने किती चुली पेटल्या, तेही पाहिले पाहिजे. एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावातला मुलगा किंवा मुलगी परगावच्या दुकानाचे संकेतस्थळ करून देऊन घर चालवू शकते. हत्यार विकत घ्यावे लागत नाही, हत्याराचे भाडे नाही, हत्यार काढून घेण्याची धमकी नाही. कामगार चळवळीने उत्पादनसाधनांच्या मालकीविषयी जे म्हटले, त्यातला एक अंश येथे शांतपणे खरा झाला, हे कबूल केले पाहिजे.

पण सर्वांची मुभा सारखी असली तरी सर्वांचे बळ सारखे नसते. संकेतस्थळे ठेवण्यासाठी संगणकांची जागा भाड्याने देणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या वर्डप्रेसवर अमाप पैसा मिळवू लागल्या. सामाईक विहिरीतून टँकर भरून नेणारे वाढले, विहिरीचा गाळ काढणारे तेवढेच राहिले. २०१४ साली मुलेनवेग ह्यांनी सुचवले, की वर्डप्रेसवर वाढलेल्या कंपन्यांनी आपल्या मनुष्यबळाचा पाच टक्के हिस्सा मूळ प्रकल्पाला द्यावा. सूचना चांगली होती, पण ऐच्छिक होती. आम्हांला हे दुखणे चांगले ठाऊक आहे. पगारवाढीचा करार झाला की वाढ सगळ्या खात्याला मिळते. वर्गणीची पावती मात्र मोजक्यांनीच फाडलेली असते.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न : मालकी कोणाची आणि निर्णय कोणाचा? कोड सर्वांचा, हे खरे. पण वर्डप्रेस हे नाव? २०१० मध्ये ते बोधचिन्हासह एका न्यासाकडे सोपवण्यात आले; मात्र त्याच्या व्यापारी वापराचे हक्क ऑटोमॅटिक कंपनीकडे राहिले. आणि ज्या मध्यवर्ती संकेतस्थळावरून जगभरच्या संकेतस्थळांना नव्या आवृत्त्या आणि प्लगिन पोचतात, ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग? ते न्यासाचे नसून मुलेनवेग ह्यांचे व्यक्तिगत आहे. म्हणजे विहीर गावाची, पण रहाट एकाच्या घरचा. बरीच वर्षे रहाट सर्वांसाठी सुरळीत चालला, म्हणून तो कोणाचा हे विचारण्याची गरज फारशा लोकांना भासली नाही.

त्याची चुणूक २०१८ मध्ये दिसली होती. पाचव्या आवृत्तीत लेख लिहिण्याची सारी चौकटच बदलावयाची होती. अपंग वापरकर्त्यांच्या सोयी पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड ह्यांनी ऑक्टोबरमध्ये आपले पद सोडले. नव्या चौकटीत ह्या सोयींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हे त्यांच्या नाराजीचे एक मुख्य कारण होते. आवृत्ती ६ डिसेंबर २०१८ रोजी, नॅशव्हिलच्या संमेलनाच्या तोंडावर, बाहेर पडली. वर्षानुवर्षे राबलेल्या गटाचे म्हणणे ऐकले जावे अशी सभा कोठे होती? मत कोठे टाकायचे होते? राजीनामा हीच त्यांची एकमेव मतपत्रिका ठरली.

खरा स्फोट २०२४ च्या सप्टेंबरात झाला. पोर्टलंड येथील संमेलनाच्या व्यासपीठावरून मुलेनवेग ह्यांनी ‘डब्ल्यूपी इंजिन’ ह्या कंपनीवर टीका केली. २०१० मध्ये निघालेल्या ह्या कंपनीत २०१८ साली सिल्व्हर लेक ह्या गुंतवणूकदार संस्थेने २५ कोटी डॉलर घातले होते. दोन्ही कंपन्यांची उलाढाल साधारण सारखी असून आपण आठवड्याला हजारो तास प्रकल्पाला देतो आणि ते चाळीसेक तास देतात, असा मुलेनवेग ह्यांचा आक्षेप होता. नावाच्या वापरासाठी त्या कंपनीने उत्पन्नाच्या आठ टक्के रक्कम द्यावी किंवा तितके श्रम द्यावेत, अशी ऑटोमॅटिकची मागणी होती. ती मान्य झाली नाही. २५ सप्टेंबर रोजी डब्ल्यूपी इंजिनला मध्यवर्ती संकेतस्थळाची दारे बंद झाली. त्यामुळे तिच्याकडे जागा घेतलेल्या सामान्य ग्राहकांना नव्या दुरुस्त्या नेहमीच्या वाटेने मिळेनात. भांडण दोन पाटलांचे आणि पाणी तुटले वाडीचे, असा प्रकार.

पुढचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. २ ऑक्टोबर रोजी डब्ल्यूपी इंजिनने कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्याच सुमारास ऑटोमॅटिकने आपल्या नोकरांना सांगितले, की कंपनीचे धोरण पटत नसेल त्यांनी तीस हजार डॉलर किंवा सहा महिन्यांचा पगार, यांतील जास्त असेल ती रक्कम घेऊन जावे. १५९ जण, म्हणजे सुमारे ८.४ टक्के नोकर, निघून गेले. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांना, आपला डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही, अशी खूण करावी लागू लागली. १२ ऑक्टोबर रोजी त्या कंपनीच्या ताब्यातले, वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर चालणारे एक प्लगिन मध्यवर्ती यादीतून तिच्या हातून काढून नव्या नावाने चालवण्यात आले. १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गीन ह्यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला : दारे पूर्ववत उघडावीत, ती खूण काढावी, प्लगिनची जागा परत करावी. हुकूम अंतरिम होता, अंतिम निवाडा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये ऑटोमॅटिकने मूळ प्रकल्पाला देत असलेले आपले तास आठवड्याला ४५ पर्यंत खाली आणले, आणि त्याच महिन्यात कारभारात सुधारणा मागणाऱ्या काही जाणत्या मंडळींची मध्यवर्ती संकेतस्थळावरची खाती बंद झाली. मे महिन्याच्या अखेरीस कंपनी पुन्हा कामावर आली. जून २०२५ मध्ये काही मंडळींनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ नावाची वेगळी वितरणव्यवस्था जाहीर केली, हेतू हा की रहाट एकाच घरचा राहू नये.

ह्या भांडणात आम्ही कोणत्या बाजूचे, असे श्रोते विचारतील. जो सामाईक वस्तूवर श्रीमंत होतो त्याने तिच्या निगराणीचा वाटा उचलावा, हे मुलेनवेग ह्यांचे म्हणणे आम्हांला पटते. वर्गणी न भरता करार उपभोगणाऱ्याविषयी आमचे मत काय असते हे सर्वांना माहीत आहे. परंतु वर्गणी किती, ती कोणी ठरवायची, न भरणाऱ्याला काय दंड, आणि दंडाविरुद्ध दाद कोठे मागायची, हे आधी लिहिलेले असावे लागते. ते लिहिलेले नसताना अध्यक्षाने आपल्या मर्जीने सभासदाला कचेरीचे दार बंद केले, तर मुद्दा कितीही न्यायाचा असो, ती संघटना राहत नाही. ती मुकादमी होते. आणि मुकादम भला असला तर कामगाराला सुख मिळते, पण हक्क मिळत नाही.

येथे रॉचडेलचा तो फरक पुढे येतो. १८४४ च्या त्या कष्टकऱ्यांनी पीठ-साखरेचा भाव आणि नफ्याची वाटणी ठरवली, तशीच मतांचीही वाटणी ठरवली : भांडवल कमी असो वा जास्त, एका सभासदाला एक मत. स्टॉलमन ह्यांच्या परवान्याने मालाचा कायदा उत्तम लिहिला. माल कोणाला कुलपात घालता येणार नाही, हे त्याने पक्के केले. माणसांचा कायदा लिहिणे हे त्या परवान्याचे कामच नव्हते. वर्डप्रेसमध्ये मालाच्या कायद्यावर सारे इतके विसंबले, की माणसांचा कायदा लिहावयाचा राहून गेला.

तो लिहिता येत नाही असे मात्र नाही. १९९३ मध्ये इयन मर्डॉक ह्यांनी सुरू केलेल्या डेबियन ह्या प्रकल्पाचे उदाहरण पाहा. तोही मुक्त सॉफ्टवेअरचा, तोही स्वयंसेवकांचा, तोही जगभर पसरलेला. त्यांनी १९९७ मध्ये वापरणाऱ्यांशी असलेले आपले बांधिलकीचे वचन लिहून काढले आणि १९९८ मध्ये रीतसर घटना मंजूर केली. त्यांचा नेता सभासदांच्या मतदानाने दरवर्षी निवडला जातो, आणि त्याचा निर्णय सभासदांना ठरावाने फिरवता येतो. तेथे भांडणे होत नाहीत असे नाही. पुष्कळ होतात, आणि लांबतातही. पण ती मिटवण्याची जागा ठरलेली आहे, आणि ती जागा न्यायालय नव्हे.

काही तरुण मित्र म्हणतात, मताची गरज काय? पटले नाही तर वेगळी चूल मांडण्याचा हक्क आहेच. हा हक्क फार मोठा आहे. त्याच्याच बळावर वर्डप्रेस जन्मले. पण २००३ मध्ये सोडून जावयाचे ते एक निर्जन घर होते. वीस वर्षांनी ते नांदते गाव झाले आहे. त्यात हजारोंची दुकाने आहेत, नावाचा लौकिक आहे, ओळखी आहेत. कोड बरोबर नेता येतो, गाव नेता येत नाही. संपावर जाण्याचा हक्क असला म्हणून वाटाघाटीचे टेबल नको, असे कोणताही समंजस कामगार म्हणणार नाही. दोन्ही लागतात, आणि टेबल असले की संपाची वेळ कमी येते.

म्हणून आपल्या गावातल्या ज्या मुलामुलींनी ह्या कामात आपले रविवार घातले आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. काम जरूर करा. असे सामाईक काम आमच्या पिढीला पाहावयासही मिळाले नाही. नोंदवही जशी काटेकोर ठेवता, दुरुस्ती जशी दहा जणांकडून तपासून घेता, तसाच कारभारही तपासण्याची मागणी करा. नाव कोणाकडे, वितरणाची किल्ली कोणाकडे, मत कोणाला, दाद कोठे, हे चार प्रश्न प्रत्येक संमेलनात उभे राहून विचारा, आणि उत्तर तोंडी मिळाले तर ते लिहून मागा. नामावलीत तुमचे नाव लागलेच आहे. आता मतदारयादीतही ते लागले पाहिजे.